बोटीवर चौथ्या दिवसापासून डब्याच्या मटणाचा घोळ दर ट्रिपला होतोय? चूक कुठं सापडली ते सांगतो

अडचण आधी सांगतो, म्हणजे ज्याला हीच अडचण हाय त्याला लगेच कळंल. टगवर (दुसरी जहाजं ओढणारी छोटी बोट) आम्ही सात जण, ट्रिप आठ ते बारा दिवसांची, कधी मुरगावहून बार्ज (माल वाहणारी सपाट बोट) ओढत कारवार, कधी खाली न्यू मंगळूर, कधी वर रत्नागिरी. फ्रीज हाय पण छोटा, आणि अँकरवर असलो की डिझेल वाचवायला रात्री जनरेटर बंद, मग फ्रीज पण बंद. पहिले तीन दिवस ताजं मटण, ताजं चिकन, सगळे खूष असतात. चौथ्या दिवशी डबे (दुकानात मिळणारे, तयार मांस भरलेले पत्र्याचे बंद डबे) उघडायला लागलो की एकाचं पोट बिघडतंय, दुसरा म्हणतोय वास येतोय, तिसऱ्याला खारट लागतंय, आणि सहाव्या दिवशी निम्मं जेवण ताटात राहतंय. एखाद्या ट्रिपला झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण दीड वर्षं दर ट्रिपला हेच बघत होतो.

मी खानापूर तालुक्यातला, टगवर भंडारी हाय, म्हणजे स्वयंपाक पण माझ्याकडं आणि सामान आणायचं पण माझ्याकडंच. सुट्टी संपली की बेळगावच्या बाजारातनं कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा लसूण मसाला, सुकं खोबरं हे सगळं बांधून घ्यायचं आणि लोंढ्यावरनं वास्कोची गाडी नाहीतर चोर्ला घाटातनं बस धरायची. डबे मात्र गोव्यातच घेतो, आपल्याकडं बेळगावात ते थोडे मिळतात आणि त्यात निवड कमी. तर सामान माझं, चूल माझी, म्हणून माणसं आजारी पडली की जीव माझा खाली-वर व्हायचा. आमचा सारंग (टगचा मुख्य माणूस) साठीकडं आलेला, बीपीची गोळी चालू असलेला माणूस, एकदा रत्नागिरीच्या बाहेर रात्रभर उलट्या करत पडला होता आणि टग सेकंडच्या (सारंगाच्या हाताखालचा दुसरा) हातात होती. त्या रात्रीनंतर मी ठरवलं की हे असं चालायचं नाही, मुळापर्यंत जायचं.

पहिल्यांदा संशय घेतला कंपनीवर. तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे आणून बघितले, स्वस्त पण आणि महाग पण, फरक पडला नाही. मग पाण्यावर संशय, टाकी धुऊन घेतली, पिण्याचं पाणी उकळायला लागलो, आजारपण थोडं कमी झालं पण थांबलं नाही. मग ड्रायव्हर म्हणाला (आमच्यात इंजिन बघणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात) की डबे इंजिनच्या वरच्या कपाटात ठेवतोस, तिथं हात लावून बघ किती तापतंय. तिथनं पण हलवले. ते बरोबरच होतं, त्याबद्दल खाली सांगतो, पण मुख्य रोग तो नव्हता.

शेवटी वही केली. शाळेची शंभर पानी वही, रोज लिहायचं: कुठला डबा, किती वाजता उघडला, कोण जेवलं, किती उरलं, उरलेलं कुठं ठेवलं, दुसऱ्या दिवशी कोणाला काय झालं. दोन ट्रिपा लिहिलं आणि मग एका रात्री अँकरवर बसून पानं उलटली तर सरळ दिसलं. नवीन डबा उघडून त्याच वेळी जेवलो तेव्हा कधीच कोणाला काही झालेलं नव्हतं. झालं ते दर वेळी उरलेल्या डब्यानं. मी आणत होतो मोठे डबे, पावणेदोन-दोन किलोचे, कारण किलोमागं स्वस्त पडतात, एका जेवणाला त्यातलं निम्मं लागायचं, उरलेलं त्याच डब्यात वर ताटली झाकून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी रस्सा करायचा. म्हणजे कंपनी बदलून काय होणार होतं, डब्याचा आकारच चुकत होता.

आता हे असं का होतंय ते समजून घ्या, कारण मला ते कळल्यावरच सवय बदलली. डब्यातलं मांस टिकतंय ते मिठामुळं नाही. मांस भरून, झाकण बंद करून, हवा आत जाणार नाही असं करून मग तो बंद डबा दाबाखाली साधारण १२१ अंशापर्यंत तापवतात, त्यात बोटुलिझम (अंग लुळं पाडणारी विषबाधा) करणाऱ्या जंतूचे बीजाणू (जंतूचं चिवट, झोपलेलं रूप) पण मरतात, जे साध्या १०० अंशाच्या उकळीत मरत नाहीत. आत जंतू नाही आणि बाहेरचा आत येऊ शकत नाही, एवढ्यावर तो डबा वर्षानुवर्षं राहतोय. झाकण कापलं की ते सगळं संपलं. उघडलेला डबा म्हणजे आत्ता शिजवलेलं मटण, आणि आमच्या गॅलीत (बोटीवरच्या स्वयंपाकघरात) दुपारी ३५ अंश असतंय. ५ ते ६० अंशामध्ये जंतू झपाट्यानं वाढतात, शिजलेलं मांस बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये असा नियम हाय आणि ३२ अंशाच्या वर उकाडा असेल तर एकच तास. मी ठेवत होतो चोवीस तास.

"पण आपण दुसऱ्या दिवशी उकळत होतो की" असं मला खलाशी म्हणाला, अंकोल्याचा पोरगा, रोज येऊन "भंडारी, ऊटा आयता?" (जेवण झालं का?) विचारणारा. मला पण हेच वाटायचं की खदखदून उकळलं की झालं. तर तसं नाही. आपल्या कातडीवर, नाकात, हाताच्या जखमेत स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असतो. तो मांसावर पडून वाढला की एक विष सोडतो आणि जंतू उकळून मेला तरी ते विष उकळून जात नाही. आणि अजून वाईट म्हणजे हा जंतू मीठ सहन करतो, त्यामुळं खारवलेल्या मांसात दुसरे जंतू वाढायला मागं-पुढं बघतात तिथं हा आरामात वाढतो. जेवल्यावर तासाभरापासून सात-आठ तासात उलट्या सुरू, आमच्या सारंगाचं अगदी तसंच झालेलं. आणि त्या दिवशी माझ्या अंगठ्याला डब्याच्याच पत्र्यानं कापलं होतं, चिंधी बांधून मी त्याच हातानं मांस सोडवून काढलं होतं, हे आठवून मी गपच झालो. आता हातावर जखम असेल तर हातमोजा घातल्याशिवाय डबा उघडत नाही, नाहीतर दुसऱ्या कोणाला उघडायला सांगतो.

तर पहिला आणि मोठा उपाय हाच: डबा एवढाच घ्यायचा की एका जेवणात संपला पाहिजे. आम्ही सात जण, माणशी ८० ग्रॅम मांस धरलं तरी साडेपाचशे ग्रॅम लागतंय. लेबलवर जे वजन लिहिलेलं असतंय त्यात रस्सा, चरबी, जेली सगळं धरलेलं असतंय, कुठं कुठं पाणी काढून उरणारं वजन वेगळं लिहितात ते बघा, नसेल तर रश्श्याच्या डब्यात निम्मंच मांस धरून चाला. मी आता ३४० ते ४०० ग्रॅमचे डबे घेतो, जेवणाला दोन, त्यात बटाटा नाहीतर हरभऱ्याची डाळ घातली की सात जणांना पुरतंय. रश्श्याचा पातळ डबा असेल तर तीन. तीन माणसांची छोटी बोट असेल तर २०० ग्रॅमवाले बघा. किलोमागं महाग पडतंय हे खरं, मालकाच्या माणसानं बिल बघून मला विचारलं पण, मी त्याला वही दाखवली, फेकून दिलेल्या मांसाचा हिशोब दाखवला, नंतर तो काही बोलला नाही.

हा मोठ्या डब्याचा त्रास काही नवीन नाही. डब्यात अन्न टिकवायची युक्ती फ्रान्सच्या निकोला आपेरची, त्यानं १८१० मध्ये ती छापून जाहीर केली आणि सरकारनं त्याला १२,००० फ्रँक बक्षीस दिलं, तो बाटल्या वापरायचा, पत्र्याचे डबे इंग्लंडात लगेच मागोमाग आले आणि नौदलानं घ्यायला सुरुवात केली. पुढं १८५० च्या आसपास एका ठेकेदारानं ब्रिटिश नौदलाला मोठमोठे डबे पुरवले आणि उघडून बघितलं तर ढिगानं सडलेले निघाले, मोठं प्रकरण झालं होतं. डबा जेवढा मोठा तेवढी मधल्या गाभ्यापर्यंत उष्णता पोचायला वेळ जास्त, आणि वरनं शिजलेलं दिसलं तरी आत कच्चं राहतंय. आजच्या कारखान्यात ते सगळं मोजून करतात म्हणून बंद मोठ्या डब्याला आता ती भीती नाही, आपली भीती उघडल्यानंतरची.

आता दुसरी फसगत सांगतो जी मला माहीतच नव्हती. डबा दिसला म्हणजे तो बाहेर टिकतोच असं नाही! एका डिसेंबरात आमच्या सेकंडला पाहुण्यांनी हॅमचा (डुकराच्या मांडीचं मांस) एक मोठा डबा दिला, चांगला जाड पत्रा, चित्र छान, मी बाकीच्या डब्यांबरोबर कपाटात ठेवला. आठवड्यानं काढला तर दोन्ही बाजूंनी फुगलेला. मग लेबल वाचलं, बारीक अक्षरात 'कीप रेफ्रिजरेटेड' लिहिलेलं. असल्या हॅमला कमी तापमानावर शिजवलेलं असतंय म्हणजे मांस मऊ राहावं, जंतू कमी होतात पण सगळे मरत नाहीत, तो फ्रीजमध्येच ठेवायचा माल. तसंच दुकानात जे सॉसेज, सलामी प्लॅस्टिकच्या पाकिटात गार कपाटातनं देतात ते पण बोटीसाठी नाहीत, त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संपवायची तयारी असेल तरच घ्या. साधी खूण सांगतो, दुकानदार जो माल फ्रीजमधनं काढून देतो तो आपल्या कपाटात टिकणार नाही, आणि उघड्या मांडणीवरनं देतो त्याचं पण लेबल वाचायचंच.

दुकानात डबा हातात घेतला की मी काय करतो ते सांगतो. आधी दोन्ही तोंडं अंगठ्यानं दाबून बघतो, पत्रा घट्ट आणि किंचित आत गेलेला असला पाहिजे, दाबल्यावर टक करून आत जाऊन परत वर आला तर तो डबा मांडणीवर परत. मग कडेनं जिथं झाकण दुमडून बसवलेलं असतंय त्या शिवणीवरनं बोट फिरवतो, पूर्ण गोल, सावकाश, कारण पोचा पोटावर असेल आणि उथळ असेल तर बिघडत नाही पण शिवणीवर पोचा असेल नाहीतर खोल टोकदार घडी पडलेली असेल तर तिथं केसाएवढी भेग असू शकते आणि जंतूला तेवढी बास होतीय. गंज कापडानं पुसला की गेला तर चालतंय, नखानं खरवडून खड्डा लागला तर नको. मग तारीख, बॅच नंबर, एफएसएसएआयचा (सरकारी अन्न परवान्याचा) चौदा आकडी नंबर, आणि बाहेरचा माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता चिकटवलेला असला पाहिजे. सवलतीत टोपलीत टाकलेले पोचे गेलेले डबे मी आता बघत पण नाही.

आणि फुगलेला डबा बोटीवर सापडला तर तो उघडायचा नाही, चाखायचा तर मुळीच नाही, पिशवीत घट्ट बांधून किनाऱ्यावर टाकायचा. बोटुलिझमच्या विषाला वास असेलच असं नसतंय, म्हणून "जरा चाटून बघतो" हे फार वाईट. कोणाला डब्याचं खाल्ल्यावर दिवस-दीड दिवसात एकाचं दोन दिसायला लागलं, पापण्या जड झाल्या, बोलायला-गिळायला त्रास व्हायला लागला तर ते पोटाचं दुखणं समजून बसू नका, रेडिओवर कळवा आणि माणसाला हॉस्पिटलात पोचवा.

डबे ठेवायचं आता सांगतो कारण निम्मं नुकसान तिथं होतंय. खाली बिल्जजवळच्या (बोटीच्या तळाशी पाणी साठतं ती जागा) कपाटात ठेवले की खारं पाणी आणि दमट हवा, महिन्यात गंज, आणि त्याच्या आधी लेबलं सुटतात. लेबल सुटलं की आत काय हाय ते कळत नाही आणि तो कागद पाण्यात लगदा होऊन बिल्ज पंपाच्या जाळीत अडकतो, आमच्याकडं ड्रायव्हरनं एकदा पंप खोलून डब्यांची लेबलं बाहेर काढली आणि मला आणून दाखवली. तेव्हापासून डबा बोटीवर आला की आधी लेबल काढून टाकायचं, पक्क्या मार्करनं झाकणावर नाव आणि तारीख लिहायची, लेबलाचा फोटो मोबाईलात ठेवायचा, शिवणीवर तेलाचा हात फिरवायचा आणि क्रेटमध्ये खाली जाड प्लॅस्टिक घालून उभे लावायचे. इंजिनवरच्या कपाटाचं ड्रायव्हर म्हणाला ते पण खरं निघालं. काही बीजाणू एवढे चिवट असतात की कारखान्याच्या तापमानातनं पण वाचतात, ते नेहमीच्या हवेत झोपलेले राहतात पण ४०-४५ अंशाच्या वर डबा सतत तापत राहिला की जागे होतात, डबा फुगत नाही पण आतलं मांस आंबतंय. "वास येतोय" ही जी तक्रार होती ती यातली होती असं मला आता वाटतंय कारण जागा बदलल्यावर ती तक्रार परत आली नाही.

डब्याला पर्याय म्हणून रिटॉर्ट पाकिटं बघा, मला तर ती आता डब्यापेक्षा बरी वाटायला लागलीत. हे मला शिकवलं आमच्या मामानं, बेळगावच्या मराठा सेंटरमधनं फौजेत गेलेला आणि आता रिटायर होऊन गावात शेती करणारा माणूस. तो म्हणाला डबे कशाला वाहतोस, आम्हाला वर पाकिटातलं तयार जेवण यायचं, गरम पाण्यात टाकायचं आणि खायचं. फौजेसाठी असल्या जेवणावर काम करायला आपल्याच राज्यात, कर्नाटकात मैसूरला, १९६१ मध्ये डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरी या नावानं प्रयोगशाळा सुरू झाली. पाकिटाला प्लॅस्टिक, मधी ॲल्युमिनियमची फॉइल आणि आत परत प्लॅस्टिक असे थर असतात, आणि बंद करून डब्यासारखंच दाबाखाली तापवतात. चपटं असल्यामुळं उष्णता लवकर गाभ्यात पोचती, म्हणून मांस डब्याएवढं गळून जात नाही. गंज नाही, एक पाकीट म्हणजे दोन माणसांचं जेवण, उरायचा प्रश्नच नाही. गरम करायला गोडं पाणी पण घालवावं लागत नाही, आम्ही बाहेर समुद्रात असलो की खाऱ्या पाण्यातच उकळतो, पाच-सात मिनिटं, मग पाकीट पुसून घ्यायचं आणि कापायचं. बंदराच्या आत मात्र ते पाणी घेऊ नका, तिथं तेल-घाण सगळं असतंय. पाकिटाचं एकच वाईट, टोकदार वस्तू लागली नाहीतर उंदरानं कुरतडलं की गेलं, म्हणून कडक झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात उभी लावून ठेवायची. फुगलेलं पाकीट पण फुगलेल्या डब्यासारखंच टाकून द्यायचं.

आता आपल्याकडच्या टिकाऊ मांसाबद्दल, कारण सगळं पत्र्यातच असलं पाहिजे असं काही नाही. खानापूर, बेळगाव कॅम्प भागात ख्रिश्चन घरं बरीच, तिथं आणि गोव्यात मिळणारं चोरीस, डुकराच्या मांसाचं सॉसेज, मीठ, मिरची, व्हिनेगर, मसाला लावून आतड्यात भरून वाळवलेलं नाहीतर धुरी दिलेलं. हे पूर्वीपासून पावसाळ्याची बेगमी म्हणूनच करतात, गोव्यात मे महिन्यात पुरुमेंताची खरेदी असती त्यात हे असतंयच. बोटीवर आठ-दहा दिवस छान राहतंय, फक्त पिशवीत कोंडायचं नाही, वारा लागंल असं टांगायचं, आणि ते कच्चं असतंय म्हणून पूर्ण शिजवायचंच. कांदा, बटाटा आणि पाणी घालून शिजवलं की त्याचाच मसाला सुटतो, वरनं काही लागत नाही. पण घेताना ओलसर, चिकट लागणारं घेऊ नका, दाबल्यावर घट्ट पाहिजे. आणि बोटीवरची माणसं बघून घ्या. आमचा ड्रायव्हर होन्नावरचा मुसलमान, त्याला डुक्कर चालत नाही, दोघा-तिघांना गाईचं-म्हशीचं चालत नाही. गॅलीत कढई एकच होती, मी चोरीससाठी वेगळी कढई आणि वेगळा डाव आणला, त्या दिवशी ड्रायव्हरसाठी अंडी नाहीतर मासा आधी करून बाजूला ठेवतो. लंचन मीटचा (बारीक करून दाबून भरलेलं मांस) डबा घेताना तर मांस कशाचं हाय हे लेबलवर वाचायचंच कारण नावावरनं कळत नाही, चिकनचं लिहिलेलं असलं तरी खालची यादी वाचा, दुसरं मांस मिसळलेलं असू शकतंय. हलाल पाहिजे असेल तर तो शिक्का बघा. एकाच भांड्यात जेवणाऱ्या माणसांना विश्वासानं जेवता आलं पाहिजे, मला हे फार महत्त्वाचं वाटतंय.

वाळवलेलं मटण, काही घरात त्याला चान्या म्हणतात, ते माझ्या दृष्टीनं बोटीसाठी एक नंबर. आमच्या आजीच्या हातची रीत म्हणजे बिनचरबीचं मटण बोटाएवढ्या पातळ पट्ट्या कापून, हळद-मिठाच्या पाण्यात उकडून, मग मार्च-एप्रिलच्या कडक उन्हात दोरीवर. चरबी ठेवायची नाही, ती खवट होती. वाळलं का ते कसं बघायचं तर पट्टी वाकवायची, वाकली तर अजून ऊन पाहिजे, कट करून मोडली तर झालं. मग एकदम कोरड्या डब्यात, आणि बोटीवर एकदा उघडलेल्या बरणीत दमट हवा जाती म्हणून मी एका जेवणाच्या छोट्या छोट्या पुड्या करून आणतो. करायच्या आधी गरम पाण्यात तासभर भिजवायचं, ते पहिलं पाणी ओतून टाकायचं म्हणजे खारटपणा कमी होतोय, मग कुकरला लावायचं. जूननंतर आमच्याकडं पाऊस म्हणजे पाऊस, तेव्हा करायला जाऊ नका, बुरशी येती.

एक गोष्ट मात्र करू नका, ती म्हणजे घरी बाटलीत मटण भरून आणणं. बहिणीनं मला प्रेमानं तेलात बुडवलेलं मटणाचं लोणचं दिलं होतं, तेल वर हाय म्हणजे टिकंल असं तिला वाटलं. तेलाखाली हवा जात नाही, आणि बोटुलिझमचा जंतू हवा नसेल तिथंच वाढतोय, मांसाला आंबटपणा पण नसतोय. आपला घरचा कुकर जवळपास तेवढा तापतो हे खरं, पण बाटलीच्या गाभ्यात किती वेळ किती तापमान लागलं हे घरी मोजता येत नाही. तिला मी फोन करून सांगितलं की अक्का, हे फ्रीजमध्ये ठेवून घरीच दोन-तीन दिवसांत संपवा, मला सुकं दे.

आता चव. "लगदा होतोय, खारट लागतंय" ही तक्रार माझ्या करण्यानं होत होती. डब्यातलं मांस आधीच पूर्ण शिजलेलं असतंय, मी ते आपल्या मटणासारखं मसाल्यात घालून अर्धा तास शिजवायचो, मग धागे सुटून पिठलं व्हायचं. आता कांदा, सुकं खोबरं, लसूण, मसाला तेल सुटेपर्यंत परतून, पाणी घालून, बटाटा शिजवून, सगळं तयार झाल्यावर शेवटी डबा उघडतो, मांस अलगद घालतो, एक चांगली उकळी आली की गॅस बंद, डाव फिरवायचा नाही, भांडं हलवायचं. आणि मीठ घालायचंच नाही. लंचन मीट, कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) असल्या मालात १०० ग्रॅममागं जवळपास १ ग्रॅम सोडियम, कधी त्याच्या वर पण असतंय, सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ कळतंय, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ तिथंच झालं आणि दिवसाला माणसानं ५ ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगती. सारंगाच्या बीपीसाठी मी लेबलवरचा सोडियमचा आकडा बघूनच डबा निवडतो, त्या दिवशी भात बिनमिठाचा, वरण अळणी, आणि लंचन मीट असेल तर चकत्या करून गरम पाण्यातनं काढून मग तव्यावर. खारट खाल्लं की पाणी जास्त लागतंय आणि टाकीतलं पाणी मोजकं असतंय, हे पण हाय.

दहा दिवसांचं माझं आता असं चालतंय. पहिल्या दिवशी चिकन कारण ते आधी बिघडतंय, दुसऱ्या दिवशी मटण, फ्रीज बरा चालला तर तिसऱ्या दिवशी पण, नाहीतर अंडी. पहिले दोन दिवस डबा उघडत नाही, नवीन माणूस असेल तर त्याला समुद्र लागलेला असतो आणि त्या चरबीच्या वासानं अजून उलटी होती. चौथ्या दिवशी पाकीट, पाचव्याला डाळ आणि अंडी, सहाव्याला वाळलेलं मटण कडक भाकरीबरोबर (ती भाकरी रश्श्यात मोडून मऊ करून खायची, कारवार-अंकोल्याची पोरं पण आता मागून घेतात), सातव्याला डबा, आठव्याला मासा मिळाला तर मासा, मग चोरीस, मग परत पाकीट. रोज मांस पाहिजेच हा हट्ट सोडला त्यामुळं डबे पण कमी लागले. दोन दिवसांचं जास्त सामान वेगळ्या पेटीत ठेवतो, हवामानानं अडकलो तर, आणि ती पेटी ट्रिप संपली की पुढच्या ट्रिपच्या पुढच्या ओळीत लावायची म्हणजे जुनं आधी संपतंय.

चुकून उरलंच तर? डब्यात ठेवायचं नाही, स्टीलच्या झाकणाच्या डब्यात काढून लगेच फ्रीजमध्ये, आणि जनरेटर रात्रभर चालणार असेल तरच. बंद होणार असेल तर मन घट्ट करून टाकून द्यायचं. पण किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत न दळलेलं अन्न समुद्रात टाकायचं नसतंय, ते झाकणाच्या बादलीत. रिकामे डबे आणि पाकिटं तर कुठंच टाकायची नाहीत, २०१३ पासूनचा मार्पोलचा (जहाजांमुळं समुद्र घाण होऊ नये म्हणून केलेला आंतरराष्ट्रीय करार) नियम हाय, आणि नियम नसता तरी आमच्या माणसांची जाळी त्याच पाण्यात पडतात. डबा खाऱ्या पाण्यानं विसळून, दोन्ही तोंडं कापून, पायानं चपटा करून गोणीत भरतो, धारदार कडा आत दुमडून, कारण जेट्टीवर ती गोणी उचलणाऱ्याच्या हाताला कापायला नको.